एक डोळा कलकत्त्यात

“रजनी, डाळीत हिंग घालताना हात आखडलास का ग जरा?” विनीताताईंनी वाटीतला दुसरा घास घेत विचारलं आणि घड्याळाकडे निघालेलं रजनीचं लक्ष पुन्हा डाळीवर आलं.

विनीताताईंना उत्तर दिल्याशिवाय भागत नसे. त्यांचे यजमान फोर्ट विल्यममध्ये लष्करात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्या स्वतः इथल्या मराठी बायकांमध्ये त्याहून मोठ्या हुद्द्यावर होत्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मोदक तळायचे की उकडायचे, हेसुद्धा त्या ठरवत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या आपण होऊन आल्या होत्या, आणि बराच वेळ बसणार असं दिसत होतं.

“हिंग इथे मिळतो तो फुसका असतो हो ताई,” रजनी म्हणाली. “पुढच्या वेळी मिरजेहून मागवते.”

मिरजेचं नाव तोंडातून गेलं आणि तिनं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला आले होते. कॅमेरा स्टँडवर लावून, झोपण्याच्या खोलीत दाराआड दुपारपासून तयार ठेवलेला होता. गच्चीची किल्ली दरवानाकडून मागून कमरेला खोचली होती. फक्त तीन जिने चढायचे आणि एक बटण दाबायचं. एवढंच काम होतं. पण बाहेरच्या खोलीत चौदा बायका बसल्या होत्या, पाळण्यातल्या गौरीपुढे कलिंगडाची कमळं कापून ठेवली होती, आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची परात अजून अर्धी भरलेलीच होती.

हे काम मिरजेहून आलं होतं. रजनीची थोरली बहीण कालिंदी तिथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. येत्या मे महिन्यात निवृत्त होणार. जाता जाता नववीच्या मुलींकडून चंद्राचं अंतर मोजून घ्यायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. पुस्तकातलं पाठ करून घ्यायचं नाही, मुलींनी स्वतः मोजायचं. पुढच्या रविवारी शाळेत प्रदर्शन होतं, त्यात ते मांडायचं होतं.

“डोळ्यासमोर बोट धर,” ताईनं फोनवर सांगितलं होतं. “एक डोळा मीट. आता तो उघड, दुसरा मीट. बोट सरकलं ना?”

“सरकलं.”

“किती सरकलं त्यावरून बोट किती लांब आहे ते काढता येतं. चंद्रासाठी डोळेही तसे लांबलांब हवेत. एक डोळा मिरजेत, एक डोळा कलकत्त्यात. तृतीयेला संध्याकाळी चंद्राच्या अगदी खाली शुक्र दिसणार आहे. शुक्र फार दूर, तो मागच्या भिंतीसारखा. ठीक सात वाजता आम्ही इथून फोटो काढतो, तू तिथून काढ. दोन्ही फोटोंत चंद्र शुक्रापासून थोडा वेगवेगळा दिसेल. बाकी गणित माझ्या पोरी करतील.”

“मी? अगं, मला शाळेत गणितात किती होते ते विसरलीस का?”

“गणित नको करूस बाई. बटण दाब. तू इतकी लांब जाऊन बसलीस त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे.”

ताई हसत म्हणाली होती. पण ते वाक्य रजनीला लागलं होतं. नवऱ्याच्या कस्टम्समधल्या बदल्यांबरोबर ती पंचवीस वर्षं गावोगाव फिरली, विशाखापट्टणम, कांडला, आता खिदिरपूरच्या गोदीजवळचे हे क्वार्टर्स. मागे आईचं सगळं ताईनं केलं, अंथरुणावरचं दुखणंसुद्धा. आई गेली तेव्हा रजनी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. ताईनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. “तू लांब, तुझा काय दोष,” एवढंच म्हणाली. बोलून दाखवलं असतं तर बरं, असं रजनीला कितीदा वाटलं होतं.

म्हणून तिनं या फोटोचा जिवापाड विचार केला होता. मुलगा तन्मय नोकरीला बेंगळुरूला गेला तेव्हा त्याचा चांगला झूमचा कॅमेरा इथेच ठेवून गेला होता. मागच्या पौर्णिमेच्या सुमारास दोन संध्याकाळ तिनं गच्चीवर जाऊन चंद्राचे फोटो काढून पाहिले होते. फक्त तृतीया म्हणजे आपलं हळदीकुंकू, हे तिला माहीत असूनही तिनं ताईला सांगितलं नव्हतं. एका मिनिटाचं तर काम.

सातला दोन मिनिटं असताना ती उठली. नेमकं तेव्हाच विनीताताईंनी पदर सारखा केला. “चला, माझी ओटी भरून टाक बाई. साहेब घरी यायची वेळ झाली.”

आता आली का पंचाईत. ओटीला ‘थांबा’ म्हणता येत नाही. रजनीनं हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, हरभरे, काकडी, पान-सुपारी ओटीत घातली. तेवढ्यात विनीताताईंनी त्यांच्या भाचेसुनेच्या डोहाळजेवणाचा विषय काढला. ओटी हातात धरून, अर्ध्या वाकलेल्या अवस्थेत, त्या बोलत राहिल्या. रजनी मान डोलवत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर आला आणि बाराच्या पुढेही गेला. एकदा तिनं “ताई, मी जरा वर जाऊन...” अशी सुरुवात केली.

“अगं, पळतेस कुठे? घरची सवाष्णच उठून गेली तर गौर काय म्हणेल?”

बाकीच्या बायका हसल्या. रजनीही हसली. दहा वर्षांची असल्यापासून तिला हीच सवय होती. समोर कोणी मोठं माणूस असलं की ती हसे आणि आपलं काम मागे टाके.

विनीताताई एकदाच्या जिना उतरल्या तशी ती कॅमेरा उचलून वर धावली; गच्चीत पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. शेजारची बंगाली मंडळी आधीच वर आली होती, फोन उंच धरून. “बौदी, आशून, देखून देखून!” वहिनी, या, बघा बघा, असं कोणी तरी बोलावलं. गोदीच्या क्रेनच्या वर, धुरकट आभाळात चंद्राची कोर होती आणि तिच्या खाली शुक्र लखलखत होता. रजनीला क्षणभर तेही विसरायला झालं की आपल्याला उशीर झालाय. मग तिनं कॅमेरा रोखला आणि बटण दाबलं. फोटो छान आला. कोरीच्या कुशीतला काळा गोलसुद्धा पुसट दिसत होता.

खाली येऊन, सगळ्या बायका गेल्यावर, तिनं तो ताईला पाठवला. लगेच ताईचा मेसेज आला: “वा! सातलाच ना?”

रजनी पन्ह्याचे रिकामे पेले गोळा करत होती. एका हातात पेले, दुसऱ्या हातात फोन. चंद्र काय कुठे पळून जातोय, तिच्या मनात आलं. तिनं लिहिलं: “हो. सातच्या ठोक्याला.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. इथे जीभही उचलावी लागली नाही, अंगठ्यानं भागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“रजू, चंद्र सात लाख किलोमीटरवर गेला ग.”

“म्हणजे?”

“म्हणजे आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. पावणेचार लाखांच्या आसपास यायला हवा. थोडं इकडेतिकडे चाललं असतं, पण हे म्हणजे काहीच्या काही. सगळं दोनदा तपासलं. गणित बरोबर आहे. फोटोच एका वेळचे नाहीत.”

रजनीनं खुर्ची ओढली आणि बसली. “थोडा उशीर झाला तर इतका फरक पडतो?”

“अगं, चंद्र एका तासात स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. आपल्याला जे मोजायचंय ते त्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढं. पाच-सात मिनिटांत वाट लागते.” ताईनं सुस्कारा सोडला. “आमच्याकडूनच झालं. भाग्यश्री म्हणून एक मुलगी आहे, तिच्याकडे बटण दिलं होतं. हुशार आहे, पण सलगऱ्याहून एसटीनं येते, रोज पहिल्या तासाला उशीर. मी नेमकी गच्चीच्या दाराशी पालकांशी बोलत होते. तिला विचारलं, सातलाच दाबलंस ना? तर म्हणते, हो बाई, सातलाच. शपथेवर सांगते म्हणाली. मला राग आला ग. चूक झाली तर झाली, खोटं कशाला बोलायचं? सगळ्या वर्गासमोर बोलले मी तिला.”

“ताई, पण तिचं खरंही असेल.”

“कसं असेल? मग काय तुझं चुकलं?” ताई म्हणाली, आणि त्या प्रश्नात इतका विश्वास होता की रजनीला त्यात शिरायला फटच सापडली नाही. “तू सातच्या ठोक्याला काढलास. तुला मी ओळखत नाही का?”

तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ताई म्हणाली, “ठेवते ग, पेपर तपासायचेत,” आणि फोन बंद झाला. रजनीनं स्वतःची समजूत घातली की ताईनंच फोन ठेवला.

पुढचे चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. खिदिरपूरच्या बाजारात मासेवाल्यांच्या ओळीतून जाताना निळ्या-पांढऱ्या गणवेशातली एखादी शाळकरी मुलगी दिसली, की ती उगाच दुसऱ्या गल्लीला वळे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर चंद्र, शुक्र सगळंच होतं. ताईनं पूर्वी फोनवर शिकवलेलं आठवे: आपण बघतो तो चंद्र सव्वा सेकंदापूर्वीचा, आणि तृतीयेचा शुक्र तर दहा मिनिटांपूर्वीचा, त्याच्या उजेडाला इथवर यायला तेवढा वेळ लागतो म्हणून. मग उजेडालाच उशीर होतो, तर मला झाला त्यात काय, असं ती स्वतःला सांगून बघे. दोन पावलं टाकेपर्यंत ते पटे, तिसऱ्याला पटेनासं होई. उजेड निदान वेळेवर निघालेला असतो.

बुधवारी चहाच्या वेळी तिनं नवऱ्याला, हेमंतला, सगळं सांगितलं. त्यानं बिस्कीट चहात बुडवून खाल्लं.

“एवढंच ना? मला वाटलं काय झालं. शाळेच्या पोरींचा खेळ तो. उद्या विसरतील.”

“अहो, त्या मुलीला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलंय.”

“मग सांगून टाक ताईंना.”

“काय सांगू? की तू आईचं सगळं केलंस, मी काही केलं नाही, आणि आता एक बटण दाबायला सांगितलंस तर मी विनीताताईंची ओटी भरत बसले?”

हेमंतनं दुसरं बिस्कीट घेतलं. “मग नको सांगूस,” तो म्हणाला. रजनीला त्याचा असा राग आला की तिनं बिस्किटांचा डबा उचलून आत नेऊन ठेवला.

गुरुवारी ताईनं मेसेज पाठवला. प्रदर्शनातून चंद्राचं काढून टाकावं लागणार, त्याऐवजी ज्वालामुखी ठेवतोय, असं होतं. खाली आणखी एक ओळ होती: “भाग्यश्री सोमवारपासून शाळेत आली नव्हती. आज आली, पण माझ्याकडे बघत नाही. माझंही मन लागत नाही ग.”

रजनीनं ते वाचलं आणि फोन लावला. विचार केला असता तर लावला नसता. शाळेची मधली सुट्टी होती, मागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

“ताई, मी सातला फोटो काढला नाही. हळदीकुंकू होतं घरी. मला उशीर झाला. आणि तुला खोटं सांगितलं.”

गलका तेवढा ऐकू येत राहिला.

“ती मुलगी खरं बोलत होती, ताई.”

“थांब,” ताई म्हणाली. तिच्या चपलांचा आवाज आला, मग एक दार, मग तिची हाक: “भाग्यश्री, इकडे ये.” आणि नंतर फोनपासून थोडं लांबून, “हे मला सांगून उपयोग नाही. हिला सांग.”

फोन हातातून हातात गेला. पलीकडे कोणाचा तरी श्वास ऐकू आला.

रजनीनं विशाखापट्टणमला, कांडल्याला, इथे किती तरी मोठ्या माणसांसमोर बोलणं निभावलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीसमोर तिला दोनदा सुरुवात करावी लागली.

“भाग्यश्री, मी बाईंची बहीण. कलकत्त्याचा फोटो मी काढला होता. तू वेळेवर काढलास. मी उशिरा काढला. आणि वेळेवर काढला असं खोटं सांगितलं. तुला बोलणी बसली ती माझ्यामुळे. माझं चुकलं.”

मुलगी रडते की काय, असं रजनीला वाटलं. मग बारीक, पण स्पष्ट आवाज आला.

“किती उशीर झाला, काकू?”

“अं?”

“किती मिनिटं? उशीर झाला तरी चालतं. चंद्र किती सरकतो ते माहितीये, तेवढं वजा करता येतं. फक्त किती ते पाहिजे.”

रजनीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. एका खऱ्या आकड्यानं त्याच संध्याकाळी सगळं निभावलं असतं. ती कॅमेरा घेऊन आली आणि तिनं फोटोखालची वेळ शोधली.

“सात वाजून सहा मिनिटं.”

“कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर आहे का? आत्ताच्या वेळेशी बघा ना.”

रजनीनं पाहिलं. बरोबर होतं.

“बरं,” भाग्यश्री म्हणाली. ‘थँक्यू’ नाही, ‘असू दे’ नाही. तिनं फोन बाईंना परत दिला. रजनीला वाटलं, आता ताई बोलेल. पण घंटा झाली आणि फोन बंद झाला.

ताईचा फोन संध्याकाळी आला.

“चार लाख दहा हजार आलं,” ती म्हणाली. “शाळेच्या मानानं उत्तम. ज्वालामुखी रद्द केला.”

“ताई, मी...”

“ऐक. आधी मला बोलू दे.” ताईचा आवाज चढला नव्हता. “आई शेवटी शेवटी सारखी विचारायची, रजू निघाली का? मी सांगायचे, निघाली, गाडीत बसली. तू निघाली नव्हतीस. तन्मयची बारावीची परीक्षा चालू होती, मला माहीत होतं. पण तिला काय सांगणार? तुझ्यासाठी आईशी खोटं बोलले, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. माझीच बहीण, माझीच आई. पण ही पोर कोणाची ग? तिचा बाप शेतावर राबतो, तिला पहाटे एसटीत बसवतो. ती खरं सांगत होती आणि मी तिला खोटं पाडलं. का, तर तू माझी बहीण म्हणून. आज सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली मी. छत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.”

“चुकलं माझं, ताई.”

“हो. चुकलं.”

आजवर ताई अशा वेळी ‘असू दे ग’ म्हणायची. या वेळी ते आलं नाही. रजनी त्याची वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय याचीच तिला लाज वाटली.

रविवारी दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोटो आला. शाळेचा हॉल, टेबलावर अंथरलेली चादर, मागे मोठा तक्ता. तक्त्यावर दोन चंद्र शेजारी शेजारी चिकटवले होते. रजनीनं बोटांनी फोटो मोठा केला. पहिल्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘मिरज. छायाचित्र: कु. भाग्यश्री कांबळे.’ दुसऱ्याखाली तितक्याच वळणदार अक्षरात: ‘कोलकाता. छायाचित्र: सौ. रजनी साठे. (सहा मिनिटे उशिरा)’.

हेमंतनं तिच्या खांद्यावरून वाचलं. “हे काय लिहिलंय? ताईंना सांग, कंसातलं काढायला. सगळं गाव बघणार.”

“राहू दे. त्यावरच तर गणित उभं आहे.”

“अगं, पण तुझं नाव आहे वर.”

“म्हणूनच राहू दे,” ती म्हणाली.

मग तिनं तो फोटो मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. चैत्रगौरीचे सगळे फोटो तिथेच होते, आराशीचे, डाळीचे, विनीताताईंच्या नव्या साडीचे. पहिलं उत्तर अर्थातच विनीताताईंचं आलं: “वा वा! आपल्या कोलकात्याचं नाव झालं. पण ते सहा मिनिटे उशिरा काय ग?”

रजनी स्वयंपाकघरात उभी होती. तिनं लिहायला घेतलं. ‘घरात गडबड होती’ असं आधी लिहिलं, ते पुसलं. मग लिहिलं: “सातला काढायचा होता. मला उठता आलं असतं, मी उठले नाही. वर सातलाच काढला असं खोटं सांगितलं. त्यापायी या मुलीला चार दिवस खोटारडी म्हणवून घ्यावं लागलं.” पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवलं. चौदा जणींनी ते वाचल्याच्या खुणा एकेक करून उमटल्या. उत्तर कोणाचंच आलं नाही.

दर रविवारी दिवेलागणीला ताईचा फोन यायचा. इतक्या वर्षांत तो चुकला नव्हता, आणि रजनीला आपण होऊन लावायची कधी वेळच आली नव्हती. त्या रविवारी साडेसात झाले, आठ झाले, तो आला नाही.

कुकर उतरवून तिनं हात पुसले आणि ताईचा नंबर लावला. मिरजेत रिंग वाजू लागली. ती वाजून वाजून थांबली. रजनीनं ओट्याला टेकून पुन्हा लावला, आणि उचलण्याची वाट बघत उभी राहिली.